गळती आणि गलती

उर्दू लिपीत 'ळ' हे अक्षर नाही. मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला ही बाब किरकोळ वाटेल, पण आम्हा उर्दू शाळेतल्या शिक्षकांचा तिच्याशी रोजचा सामना असतो. आमची मुलं 'शाळे'ला 'शाला' म्हणतात, 'फळ्या'ला 'फला' आणि 'सोळा'ला 'सोला'. घरात दखनी, वर्गात उर्दू, एस.टी. स्टँडवर आणि तहसील कचेरीत मराठी. अशा तीन बोलींतून वाट काढणाऱ्या मुलाची जीभ एका अक्षरापाशी अडखळली तर त्यात नवल ते काय? पण हसणाऱ्यांना तेवढंच निमित्त पुरतं.

'गळती'चं तर आमच्याकडे हमखास 'गलती' होतं. मराठीत गळती म्हणजे नळ, छप्पर, टाकी गळणं. उर्दूत गलती म्हणजे चूक. सोलापुरातल्या आमच्या शाळेत 2022 साली वाफेच्या एका छोट्या इंजिनाची झडप गळू लागली आणि या दोन शब्दांनी आम्हाला चार महिने कामाला लावलं. त्याचीच ही हकीकत.

आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. विज्ञान शिकवणारे दोघे शिक्षक, नववीच्या चार मुली, दहावीचे तीन मुलगे आणि नंतर आमच्यात येऊन बसलेले मोहल्ल्यातले एक वृद्ध फिटर. जे झालं ते या सगळ्यांनी मिळून केलं. तेव्हा इथे 'मी' लिहिणं बरं दिसणार नाही.

इंजिन आलं इंग्लंडहून. शाळेचा एक माजी विद्यार्थी तिकडे नोकरीला आहे. जुन्या वस्तूंच्या बाजारातून घेतलेलं हे इंजिन आणि गोल जोडायचे रूळ त्याने सुट्टीत येताना आणले आणि प्रयोगशाळेला भेट दिले. वीतभर लांबी, चार चाकं, पितळी बॉयलर, दोन्ही बाजूंना डुलणारे दोन सिलिंडर. रुळांमधलं अंतर 32 मिलिमीटर. बॅटरी नाही, चावी नाही. बॉयलरमध्ये खरं पाणी भरायचं, खाली स्पिरिटचा दिवा पेटवायचा. पाण्याची वाफ झाली की तीच वाफ दट्ट्या ढकलते आणि चाकं फिरतात. इंग्लंडमध्ये अशी इंजिनं बनवणं आणि चालवणं हा मोठ्या माणसांचाही पिढ्यानपिढ्यांचा छंद आहे. आमच्या मुलांनी मात्र वाफेचं इंजिन फक्त पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत पाहिलं होतं. भारतात ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी 1995 सालीच थांबली. तेव्हा यांचा जन्मही झाला नव्हता.

पहिले काही आठवडे इंजिन झकास धावलं. इतर वर्गांची मुलं खिडकीला लटकून बघायची. ऑगस्टमध्ये मात्र त्याचा दम कमी होऊ लागला. दिवा पेटवून पाच मिनिटं झाली की बॉयलरच्या डोक्यावरच्या सुरक्षा झडपेतून बारीक फुसफुस सुरू व्हायची, मग वाफेबरोबर पाण्याचे थेंब उडायचे. चाकं अर्धा फेरा घेऊन थांबायची. स्पिरिट संपायचं आणि इंजिन तिथल्या तिथे उभं.

आता आपल्या समाजात सल्ल्याला तोटा नसतो. एकाने सांगितलं, झडपेची स्प्रिंग आवळून टाका. दुसऱ्याने सांगितलं, एपॉक्सी लावून भोकच बुजवा, भांड्यांची गळती आम्ही अशीच काढतो. एका मुलीने सुचवलं की झडपेवर रुपयाचं नाणं ठेवून वर रबर ताणून बांधू. तिसऱ्याचं म्हणणं, कशाला भानगड, काचेच्या कपाटात ठेवा, प्रदर्शनात नुसतं दाखवलं तरी चालेल.

प्रदर्शनाचा विषय निघाला की दहावीतला एक मुलगा गप्प व्हायचा. त्याचं कारण आम्हाला ठाऊक होतं. 2019 साली, सातवीत असताना, तो एका विज्ञान प्रदर्शनात पाण्याच्या बचतीचा प्रयोग घेऊन गेला होता. परीक्षकांसमोर तो मराठीत म्हणाला, "नलाची गलती थांबवली पाहिजे." परीक्षक मंडळींत हशा पिकला. "अरे, नळ काय चूक करतो?" असं कुणीतरी विचारलं. चेष्टा करणाऱ्यांच्या मनात कदाचित वाईट काही नसेल. पण तो मुलगा त्यानंतर मराठीच्या तासालाही तोंड उघडेनासा झाला. लेखी परीक्षेत मात्र त्याला मराठीत चांगले गुण मिळत. हातात पक्कड दिली की त्याच्यासारखा कारागीर नाही. इंजिनाच्या कामात तो सर्वांत पुढे होता, पण अट एकच: "सर, सब करूंगा. बोलूंगा नै."

तेव्हा आमच्यापुढे दोन झडपा होत्या म्हणा ना. एक नको तेव्हा गळत होती, दुसरी गच्च बसली होती.

झडप बुजवायची नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून टाकलं. का, ते मुलांना समजावताना स्वयंपाकघर मदतीला आलं. प्रेशर कुकरची शिट्टी ही याच झडपेची बहीण. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. बंद भांड्यात जागा मिळाली नाही की दाब वाढतो. घरातल्या कुकरमध्ये हा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपास गेला की शिट्टी उचलली जाते. शिट्टीच बंद केली तर वाफ दुसरी वाट शोधते, आणि ती वाट भांडं फोडूनच निघते.

कुकरचा मूळ पुरुष डेनिस पापिन. हा फ्रेंच माणूस ह्यूगेनॉट होता, म्हणजे कॅथलिक फ्रान्समधल्या अल्पसंख्य प्रॉटेस्टंट पंथाचा. 1685 साली त्या पंथाचे हक्क काढून घेतले गेले आणि त्याला मायदेशाचे दरवाजे बंद झाले. 1679 साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडंसुद्धा मऊ शिजवणारं बंद भांडं दाखवलं. ते भांडं फुटू नये म्हणून त्याने झाकणावर वजनाची झडप बसवली. आपण आज निर्धास्तपणे पाये शिजवायला ठेवतो, त्यात त्याचा वाटा आहे.

आणि झडप बंद केल्यावर काय होतं, तेही इतिहासात नोंदलेलं आहे. अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यात 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन' नावाचं इंजिन होतं. 1831 सालच्या जूनमध्ये त्याच्या आगवाल्याने सुरक्षा झडपेच्या फुसफुसण्याला कंटाळून झडप दाबून धरली. बॉयलर फुटला आणि त्यात तो प्राणाला मुकला. तो गुलाम होता. इंजिनाचं नाव पुस्तकांत राहिलं, त्याचं राहिलं नाही. त्यानंतर त्या रेल्वेने इंजिन आणि प्रवासी डबे यांच्यामध्ये कापसाच्या गाठी रचलेला एक डबा जोडायला सुरुवात केली. पुन्हा स्फोट झाला तर तो कापसाने झेलावा! आमची मुलं गिरण्यांच्या गावातली. कापसाची गाठ म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही. ती हसली. मग एका मुलीने विचारलं, "लेकिन सर, वो आदमी कू किसने बताया था क्या, के आवाज कायकू आती?" त्या आगवाल्याला झडपेचं काम कुणी शिकवलं होतं का, हा तिचा प्रश्न होता. शिक्षणशास्त्राच्या पदवीला आम्ही बऱ्याच प्रश्नांचे प्रकार शिकलो, पण असा प्रश्न पाठ टाचणात बसत नाही.

याच सुमारास फिटर चाचा आमच्यात आले. वय पंचाहत्तरीच्या पुढे. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. कुर्डुवाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वेचं घर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने उभारलेली ही अडीच फुटी रुळांची गाडी 1897 साली सुरू झाली आणि वाढत वाढत एकीकडे लातूर, दुसरीकडे पंढरपूरवरून मिरजेपर्यंत गेली. आषाढी-कार्तिकीच्या वारकऱ्यांनी खच्चून भरलेली गाडी ओढणारी इंजिनं चाचांच्या हाताखालून गेलेली. आमचं वीतभर इंजिन त्यांनी तळहातावर घेतलं, कानाशी नेऊन हलवून बघितलं आणि म्हणाले, "इसका मुँह बंद नक्को करो. मुँह बंद किये तो पेट फटता."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. वर्कशॉपमध्ये सुरक्षा झडप एकदा बसवून तिचा दाब ठरवला की तिला कुणी हात लावायचा नाही. ड्रायव्हरनेही नाही. या शिस्तीमागे जुना अनुभव आहे. पूर्वीच्या इंजिनांवरच्या झडपा ड्रायव्हरला आवळता येत. चढ आला, उशीर झाला की काही जण झडप आवळून दाब वाढवत आणि बॉयलर फुटत. म्हणून 1850च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज इंजिनियरने अशी झडप काढली की ड्रायव्हरला मनाप्रमाणे ती आवळताच येऊ नये. माणूस घाईत असताना काय करील याचा विचार करून यंत्र बनवलं पाहिजे, हे चाचांचं सूत्र. कुठल्याही शाळेच्या भिंतीवर लिहावं असं.

चाचांनी आम्हाला दुसरी शिस्त लावली ती तपासाची. गळतंय म्हणजे कुठून गळतंय? 'झडप गळते' हे उत्तर पुरेसं नाही. झडपेला तीन जागा असतात. पहिली, ती बॉयलरमध्ये जिथे आट्यांवर बसते ती, तिथे खाली वायसर असतो. दुसरी, आतला छोटा शंकू ज्या गोल बैठकीवर टेकतो ती. तिसरी, शंकूला दाबून ठेवणारी स्प्रिंग. शिवाय चौथी शक्यता अशी की झडपेत दोषच नसेल, बॉयलर गळ्यापर्यंत भरला जात असेल. उकळताना पाणी फुगतं, वर जागा नसली तर वाफेऐवजी पाणीच बाहेर पडतं. म्हणून आम्ही आधी पाणी मोजून भरलं, बॉयलरच्या तीन चतुर्थांशापर्यंत. पाण्याचे थेंब कमी झाले, फुसफुस राहिली. म्हणजे एक शक्यता गेली.

पुढची तपासणी आम्ही पंक्चरवाल्याकडून शिकलो. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो, तसंच. वाफेची गळती गरम असताना शोधायला जाऊ नये, हात भाजतो आणि ढगात काही दिसतही नाही. इंजिन पूर्ण थंड केलं, झडप काढली, तिच्या आट्यांवर वायसरसकट रबरी नळी घट्ट चढवली, झडप पाण्याच्या ग्लासात बुडवली आणि नळीतून तोंडाने फुंकलं. दोन जागांहून बुडबुडे आले. थोडे वायसरच्या कडेने आणि पुष्कळसे मधून, शंकूच्या बैठकीतून. सात डोकी एका ग्लासावर वाकली होती. प्रत्येकाला फुंकायचं होतं, म्हणून नळीचं तोंड पुसून पुसून पाळी लावावी लागली.

वायसरचं काम सोपं होतं. जुना वायसर वाळून तडकला होता. गॅरेजमधून गॅस्केटच्या कागदाचा तुकडा आणला आणि कात्रीने नवा कापला.

बैठक उघडून पाहिली तर शंकूवर आणि भोकाच्या काठावर पांढरा टणक थर. हा आमच्या बोअरच्या पाण्याचा प्रताप. सोलापूरकरांना हा खार ओळखीचा आहे, चहाच्या किटलीत तोच बसतो, बादलीच्या काठावर तोच. कठीण पाणी उकळलं की त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट वेगळं होऊन तळाशी आणि कडांना चिकटतं. त्याचा एक कण जरी शंकू आणि बैठक यांच्यात अडकला तरी झडप पूर्ण मिटत नाही. दाब वाढण्याआधीच वाफ निसटते. इंग्लंडहून आलेल्या झडपेची काही चूक नव्हती. तिला आमचं पाणी मानवलं नाही इतकंच.

उपायही पुस्तकातच होता. कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक अॅसिड घातलं आणि झडपेचे भाग त्यात ठेवले. लगेच बुडबुडे सुटले. ते कशाचे, असं विचारल्यावर मुलांनीच तो वायू चुन्याच्या निवळीत सोडला. निवळी दुधाळ झाली, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. ही अभिक्रिया ती दरवर्षी परीक्षेत लिहितात, पण तिचा असा उपयोग होतो हे त्यांनी त्या दिवशी पाहिलं. चाचा घड्याळ धरून बसले होते. वीस मिनिटांत त्यांनी सगळं बाहेर काढायला लावलं. पितळ आम्लात जास्त वेळ राहिलं तर त्यातलं जस्त निघून जातं आणि ते तांब्यासारखं गुलाबी आणि कमजोर होतं.

थर गेला तरी शंकू नीट बसतो की नाही हे कसं कळणार? वर्कशॉपमध्ये यासाठी निळा रंग लावतात. आमच्याकडे तो नव्हता. एका मुलीने सुरम्याची डबी आणली. सुरमा कोरडा, तो धातूला धरेना. दुसरीने आईच्या काजळाची डबी आणली, ते चिकट काजळ कामाला आलं. शंकूवर काजळाचा अगदी पातळ हात फिरवायचा, तो बैठकीवर टेकवून किंचित फिरवायचा आणि उचलून पाहायचं. बैठकीवर काजळाची अखंड गोल रेघ उमटली तर झडप बसली. आमची रेघ दोन ठिकाणी तुटली होती.

आता घासणं आलं. मोठ्या झडपा चाचा कुरुंदाची पूड लावून घासत. या मिरीएवढ्या शंकूला ती फार खरखरीत, म्हणून त्यांनी साधी टूथपेस्ट घ्यायला लावली. तिच्यातही बारीक घासणारी पूड असतेच. शंकूच्या दांडीला चिमटीत धरायचं, अर्धा फेरा उजवीकडे, अर्धा डावीकडे, मग उचलून जागा बदलायची. जोर लावायचा नाही. हे काम त्या न बोलणाऱ्या मुलाने केलं, रोज मधल्या सुट्टीत, चार दिवस. मुलं कंटाळली की आम्ही त्यांना एक माहिती देत असू. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी आपल्या यंत्रांच्या पुस्तकात शंकूच्या आकाराच्या झडपा वापरल्या आहेत. आणि 1206 साली अल-जझरीने आपल्या ग्रंथात झडपेचा शंकू आणि बैठक कुरुंदाच्या पुडीने एकमेकांवर घासून पाणी न गळेल अशी बसवण्याची रीत लिहून ठेवली आहे. म्हणजे चाचांचीच रीत, आठशे वर्षांपूर्वीची. ऐकून मुलांच्या माना ताठ झाल्या. होऊ द्याव्यात. पण ताठ मानेने झडप बसत नाही, त्यासाठी मान खाली घालून घासावं लागतं. आपल्या समाजातल्या व्याख्यानांत पहिला भाग फार ऐकू येतो, दुसरा कमी.

चौथ्या दिवशी काजळाची रेघ अखंड उमटली.

राहिली स्प्रिंग. ती कमजोर झाली आहे असा सर्वांचा पहिल्यापासून संशय होता. आम्ही तिचा निवाडा गणिताकडे सोपवला. बैठकीच्या भोकाचा व्यास 4 मिलिमीटर. क्षेत्रफळ साडेबारा चौरस मिलिमीटरच्या थोडं वर, म्हणजे चौरस सेंटिमीटरचा साधारण आठवा भाग. झडप दर चौरस सेंटिमीटरला 1 किलो दाबावर उघडायची असेल तर स्प्रिंगने एक किलोचा आठवा भाग, म्हणजे 125 ग्रॅम पेलले पाहिजेत. झडप उलटी पकडून शंकूच्या तळावर तारेची दांडी उभी केली, दांडीवर पत्र्याची ताटली, ताटलीत प्रयोगशाळेची वजनं एकेक ठेवत गेलो. 100 ग्रॅमला झडप मिटलेली. 120ला मिटलेली. आणखी 5 ग्रॅम ठेवताच शंकू हलला. स्प्रिंग निर्दोष सुटली. पहिल्या दिवशी सल्ला ऐकून तिला आवळलं असतं तर दोष तसाच राहिला असता आणि धोका वाढला असता.

पेटवण्याआधी चाचांनी बॉयलरची थंड पाण्याची चाचणी घ्यायला लावली. सिलिंडरकडे जाणारी नळी आणि झडपेचं भोक बंद करून बॉयलर काठोकाठ भरला. हवा अजिबात ठेवली नाही. छोट्या हातपंपाने दाब 2 किलोपर्यंत नेला, म्हणजे नेहमीच्या दुप्पट, आणि दहा मिनिटं काटा पाहत बसलो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे समजा बॉयलर फाटलाच तर पाण्याची एक चिळकांडी उडून दाब संपतो. वाफ किंवा हवा दाबून भरली तर ती स्फोट करते. काटा हलला नाही.

त्या दिवसापासून बॉयलरमध्ये नळाचं पाणी बंद झालं. सोलापुरात पाऊस खरा सप्टेंबरचा. शाळेच्या गच्चीवर स्वच्छ पातेली मांडून, गाळून, पावसाचं पाणी काचेच्या बरण्यांत भरून ठेवलं. पावसाच्या पाण्यात खार नसतो. इंजिन पेटवलं तेव्हा पाच मिनिटं झाली, सहा झाली, झडप मुकाट. चाकं फिरू लागली. इंजिन रुळांवर फेऱ्या घालू लागलं आणि थोडा वेळ ते थांबवून धरलं तेव्हा झडप एकदम उघडून फुर्रकन वाफ सोडून परत मिटली. मुलं घाबरून मागे सरली. चाचा म्हणाले, "अब ठीक बोली."

प्रदर्शन डिसेंबरात होतं. बोलायचं काम नववीतल्या एका मुलीकडे होतं, इंजिन चालवायचं त्या मुलाकडे. परीक्षक आले, मुलीने पाठ केलेलं मराठी छान म्हणून दाखवलं. तेवढ्यात झडप उघडली आणि वाफ उडाली. एका परीक्षकांनी विचारलं, "हे काय? बिघडलंय का?" मुलीच्या पाठांतरात हा प्रश्न नव्हता. ती आमच्याकडे पाहू लागली. स्पर्धेत शिक्षकांनी बोलायचं नसतं. आणि मग तो मुलगा इंजिनावरची नजर न काढता मराठीत म्हणाला, "नाही सर. आधी गलती होती, ती आम्ही काढली. आता जास्तीची वाफ सोडते, ते तिचं काम आहे."

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "गळती की गलती?"

तो क्षणभर थांबला. "दोन्ही, सर."

हशा याही वेळी पिकला, पण त्यात तोही होता. मग त्याने काजळाच्या रेघेपासून 125 ग्रॅमपर्यंत सगळं सांगितलं. अडखळत, चार ठिकाणी 'ळ'चा 'ल' करत, पण त्याने सगळं सांगितलं. परीक्षकांनी पाण्याबद्दल आणखी दोन प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरं लिहून घेतली. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिलं बक्षीस सौरऊर्जेच्या एका सुंदर प्रयोगाला गेलं आणि ते योग्यच होतं.

शिक्षणशास्त्राच्या वर्गात थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाची प्रयत्न-प्रमाद उपपत्ती शिकवतात. उर्दूत तिला 'सई-ओ-खता' म्हणतात. सई म्हणजे धडपड आणि खता म्हणजे चूक. मूल चुकत चुकत शिकतं, हे परीक्षेत लिहून आम्ही सगळे पास झालो आहोत. पण चुकायला मुलाला सुरक्षित जागा लागते, आणि ती आपण फार क्वचित देतो. घरी म्हणतात, पाहुण्यांसमोर बोलू नकोस. शाळेत म्हणतात, येत नसेल तर गप्प बस. बाहेर मराठी चुकलं की हसतात, घरी मराठी बोललं की उर्दू बिघडली म्हणून ओरडतात. सगळीकडून स्प्रिंग आवळायची आणि मग विचारायचं, आमची मुलं पुढे येऊन बोलत का नाहीत? उच्चार सुधारायला हवेतच, त्यात वाद नाही. शिक्षक म्हणून ते आमचं काम आहे. 'ळ' म्हणताना जिभेचं टोक वळवून टाळूला लावा, हा सराव आम्ही आता रोज पाच मिनिटं घेतो. पण आधी तोंड उघडलं पाहिजे. बैठकीवरचा खार हळूहळू घासून काढता येतो. एपॉक्सीने बुजवलेलं भोक पुन्हा उघडणं फार कठीण.

झडप त्यानंतरही दोनदा गळली. एकदा कुणीतरी घाईत नळाचं पाणी भरलं म्हणून आणि एकदा वायसर जुना झाला म्हणून. दोन्ही वेळा मुलांनी आम्हाला बोलावलं नाही. फिटर चाचांना आता जिने चढवत नाहीत, म्हणून तीच झडप रुमालात बांधून त्यांच्या घरी घेऊन जातात. तो मुलगा दहावी झाल्यावर आय.टी.आय.ला गेला आणि तिथे फिटरचा ट्रेड घेतला.

प्रयोगशाळेत या इंजिनाची एक वही आहे. डावीकडून उघडली की मराठी, उजवीकडून उघडली की उर्दू. दोन्हीकडे तीनच रकाने: कुठून गळतं, का गळतं, काय केलं. मराठीच्या बाजूला पहिल्या पानावर कुणीतरी 'गलती' लिहून ते खोडून 'गळती' केलं आहे, आणि खाली लहान अक्षरात पुन्हा लिहिलं आहे, 'दोन्ही'. यंदाच्या नववीने परवा त्यात नवी नोंद केली: डावा सिलिंडर, घासलेली कड, उपाय चालू आहे.